फाईल वकिलाची, रांग सरकारची

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून अमेरिकेत नोकरीला गेलेल्या अभियंत्यांची एक पिढी आता चाळिशी ओलांडते आहे. नांदेडची श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ ची; लातूरचे बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच दशकातले. तिथून पदवी घ्यायची, पुण्यात नाहीतर हैदराबादेत दोन-चार वर्षे काढायची आणि पुढे जायचे, हा रस्ता रुळला. ‘लातूर पॅटर्न’मधून एमबीबीएसला गेलेल्यांपैकी काही जण रेसिडेन्सीसाठी तिकडे पोचले. घर झाले, हप्ते सुरू झाले, मुले तिथल्या शाळेत मोठी झाली. ग्रीन कार्ड मात्र अनेकांचे अजून ‘प्रोसेसमध्ये’ आहे.

गावाकडच्या आईवडिलांना या प्रोसेसमधली दोनच पात्रे ठाऊक असतात: कंपनी आणि ‘लॉयर’. काम झाले की लॉयर हुशार, अडले की लॉयर कुचकामी. या वकिलाच्या हाती नेमके किती असते, तो काम कोणाचे करतो, आणि त्याच्यावाचून चालते का, यावर गेली वीस-पंचवीस वर्षे अमेरिकेत बराच खल झाला आहे. तो कुठवर आला, हे इथे पाहायचे आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनीचा उल्लेख पुढे येईल, पण मुख्य विषय अमेरिकेचा. कारण भारतात जन्मलेल्यांसाठी एवढी लांब रांग तिथेच आहे.

रांग कशी लागली

भारतीयांना कायमचे राहू द्यायचे का, हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस तिथल्या नागरिकत्वाला पात्र नाही असे ठरवले. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने ती वाट उघडली, पण वर्षाला शंभर माणसांपुरती. वंशावर आधारलेले कोटे १९६५ च्या कायद्याने गेले आणि भारतीय डॉक्टर-इंजिनियर तिकडे जाऊ लागले. त्यात मराठीही होते, इतके की १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले.

आजची चौकट १९९० च्या कायद्याची आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली ढोबळमानाने सात टक्के. नवरा, बायको, मुले यांचीही मोजणी याच आकड्यात होते. एच-१बी व्हिसाचे आजचे रूपही याच कायद्याने आले, पण त्याला देशवार मर्यादा नाही. नोकरीसाठी आत घेताना जन्मदेश विचारत नाहीत आणि कायम राहू देताना विचारतात. तुंबा पडतो तो या दोहोंच्या मध्ये.

सन २००० च्या एका कायद्याने या तुंब्यात अडकलेल्यांना श्वास घ्यायला जागा दिली. कंपनीने कामगारासाठी करायचा आय-१४० हा अर्ज मंजूर असेल तर एच-१बी सहा वर्षांपुढेही वाढवून मिळू लागला. दिलासा खराच, पण वाट पाहणे अमर्याद लांबण्याची सोयही त्यातूनच झाली. २००७ च्या जुलैसाठी रांगेतल्या सगळ्या तारखा एकाएकी खुल्या झाल्याचे जाहीर झाले आणि २ जुलैला ते मागे घेतले गेले. वैद्यकीय तपासण्या उरकून, कागद जमवून बसलेल्या हजारो भारतीयांनी तेव्हा इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना फुलांचे गुच्छ पाठवले. ‘लगे रहो मुन्नाभाई’ आदल्याच वर्षी आला होता. ही गांधीगिरी कुठून आली ते आपल्याला सांगायला नको. संचालकांनी फुले लष्करी रुग्णालयांतल्या जखमी जवानांकडे धाडली आणि १७ जुलैला निर्णय फिरवला. १७ ऑगस्टपर्यंत ज्यांचा अंतिम अर्ज आत गेला, त्यांना वर्क परमिट आणि नोकरी बदलण्याची मोकळीक मिळाली. ज्यांचा थोडक्यात हुकला, त्यांच्यातले काही पुढे दशकभर तिथेच होते.

२०२५ च्या मेपासून ऑगस्टपर्यंत भारतासाठी ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गाची तारीख १ जानेवारी २०१३ वर थांबून होती. म्हणजे त्या दिवसाच्या आधी ज्यांची फाईल लागली, त्यांचाच नंबर. केटो इन्स्टिट्यूट या वॉशिंग्टनच्या संस्थेने २०२३ मध्ये नोकरीवर आधारित तुंबा १८ लाखांचा आणि त्यातले भारतीय ११ लाख असा अंदाज मांडला, आणि नव्याने रांगेत लागणाऱ्या भारतीयाला १३४ वर्षे लागतील असे गणित केले. माणूस तेवढा जगत नाही, म्हणून हा आकडा शब्दशः घ्यायचा नसतो. ज्याची फाईल आज लागते, त्याच्यापुढे केवढी रांग आहे हे समजायला तो उपयोगी आहे.

फाईलचे तीन टप्पे

वकिलाचे काम समजायचे तर फाईल कशी चालते ते थोडक्यात पाहावे लागेल.

पहिला टप्पा ‘पर्म’, श्रम खात्याचा. या जागेसाठी पात्र आणि तयार असा अमेरिकी माणूस मिळाला नाही, हे कंपनीने दाखवायचे. त्यासाठी त्या भागातला प्रचलित पगार सरकारकडून ठरवून घ्यायचा, रविवारच्या वर्तमानपत्रात दोन जाहिराती द्यायच्या, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे तीस दिवस जागा नोंदवायची, कचेरीत नोटीस लावायची. आलेल्या प्रत्येक अर्जाची कारणासह नोंद ठेवायची. ही पद्धत मार्च २००५ पासूनची. हा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो ती तारीख म्हणजे ‘प्रायॉरिटी डेट’. मराठी घरांत ती लग्नाच्या तारखेइतकी पाठ असते.

दुसरा टप्पा आय-१४०. हीच खरी याचिका. जागेला जे शिक्षण आणि अनुभव लागतो तो या माणसाकडे पर्मच्या तारखेला होता, आणि कंपनी सांगितलेला पगार देऊ शकते, हे इथे सिद्ध करायचे. जादा शुल्क भरले की निर्णय काही आठवड्यांत मिळतो. तिसरा टप्पा आय-४८५, किंवा माणूस भारतात असेल तर मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत. तो टप्पा तारीख आल्याशिवाय उघडत नाही.

बरेच गैरसमज इथेच होतात. पहिल्या दोन टप्प्यांत वकिलाचे कसब लागते. तिसऱ्याच्या आधीच्या रांगेवर त्याचा काडीचाही ताबा नसतो. उत्तम वकिलाची आणि सुमार वकिलाची मंजूर झालेली आय-१४० एकाच रांगेत उभी राहते. ‘अमक्याच्या लॉयरने लवकर काम करून दिले’ असे जेव्हा कानावर येते, तेव्हा बहुधा त्या माणसाचा वर्ग वेगळा असतो किंवा तारीख जुनी असते. क्वचित त्याच्या जोडीदाराचा जन्म भारताबाहेर झालेला असतो. हा शेवटचा मुद्दा कामाचा आहे. रांग नागरिकत्वावर ठरत नाही, जन्मदेशावर ठरते, आणि जोडीदाराचा जन्मदेश धरता येतो. देगलूरच्या अभियंत्याची बायको वडिलांच्या नोकरीमुळे कुवेतमध्ये जन्मली असेल, तर दोघांनाही कुवेतच्या रांगेत उभे राहता येते. जाणता वकील पहिल्याच बैठकीत हे विचारतो.

वकील कोणाचा?

या विषयातला सर्वांत जुना आणि अजून धगधगता प्रश्न हा. कंपनीच्या वाटेने जाणाऱ्या फायलीत वकील कंपनीने नेमलेला असतो. पर्म आणि आय-१४० मध्ये अर्जदार कंपनीच. कामगार हा लाभार्थी. मात्र बहुतेक वकील दोघांचेही काम पाहतात. अमेरिकी वकिली व्यवसायात याला मान्यता आहे, अट एवढीच की दोघांच्या हितात फाटा फुटला तर ते सांगायचे आणि गरज पडल्यास बाजूला व्हायचे.

कंपन्यांची बाजू अशी, की पैसा त्यांचा, जबाबदारी त्यांची, सरकारी चौकशी झाली तर उत्तर त्यांनी द्यायचे. १६ जुलै २००७ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे पर्मचा खर्च, वकिलाच्या फीसकट, कामगाराकडून घेता येत नाही. मग फाईलवर हक्क आपलाच, असे त्यांचे म्हणणे. याच नियमाने जुनी मंजूर झालेली श्रम-प्रमाणपत्रे दुसऱ्याच माणसाच्या नावावर चढवण्याची सोय बंद केली. त्याआधी या जुन्या ‘लेबर’चा चक्क बाजार भरत असे.

कामगारांची तक्रार वेगळी. मंजुरीची मूळ सूचना कंपनीला आणि वकिलाला जाते. अनेकांना स्वतःच्या आय-१४० ची प्रत वर्षानुवर्षे दिसत नाही. पर्ममध्ये जागेचे वर्णन काय केले, अनुभव कोणता धरला, हे ठाऊक नसेल तर नोकरी बदलताना पंचाईत होते. विचारावे तर ‘एचआरला विचारा’, आणि एचआर म्हणते ‘लॉयरला विचारा’. जानेवारी २०१७ पासूनच्या नियमाने यातली धार थोडी कमी झाली: आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर कंपनीने ती मागे घेतली तरी एच-१बीची मुदतवाढ चालू राहते, आणि प्रायॉरिटी डेट तर कामगाराबरोबर पुढच्या कंपनीत जाते. नव्या कंपनीत पर्म पुन्हा करावा लागतो, पण रांगेतली जागा राहते. म्हणून निदान मंजुरीच्या सूचनेची प्रत पदरात पाडून घ्यावी, हा सल्ला सगळ्या बाजूंचे जाणकार देतात. त्यात वाद नाही.

तिसरी बाजू अमेरिकी कामगारांची. आपल्याकडच्या चर्चेत ती सहसा येतच नाही, आणि तिच्याशिवाय चित्र अर्धवट राहते. त्यांचे म्हणणे, की जाहिरात देताना कोणी मिळूच नये अशी तजवीज केली जाते आणि वकील त्यात मदत करतात. २००८ मध्ये श्रम खात्याने एका मोठ्या इमिग्रेशन फर्मने दाखल केलेल्या पर्म अर्जांची सरसकट तपासणी लावली. अमेरिकी उमेदवारांचे अर्ज मालकाच्या आधी वकिलाने चाळायचे का, हा त्यातला मुद्दा होता. फेसबुकने पर्मच्या जागांसाठी अर्ज टपालाने मागवले, ऑनलाइन घेतले नाहीत, असा न्याय खात्याचा आरोप होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतच्या रकमेवर तडजोड झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲपलशी अशाच प्रकरणात अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. कंपन्यांचे उत्तर असे, की जो माणूस पाच वर्षे ते काम करतोच आहे, त्याच्याच जागेची जाहिरात द्यायला लावणारा कायदा मुळात विचित्र आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मधल्या मध्ये वकिलाला मात्र नियमाचा शब्द पाळून मालकाचा हेतू तडीस न्यावा लागतो, आणि त्याच्यावर बोट ठेवले जाते तेही तिथेच.

स्वतःची फाईल स्वतः

कंपनीवाचून जाण्याच्या दोन वाटा आहेत. एक ईबी-१ए, असामान्य कर्तृत्वाची. दुसरी ईबी-२ मधली राष्ट्रहित-सवलत, जिला सगळे ‘एनआयडब्ल्यू’ म्हणतात. दोन्हींत माणूस स्वतःच अर्जदार असतो, म्हणून वकील निःसंशय त्याचा असतो. फी मात्र स्वतःच्या खिशातून, आणि ती काही हजार डॉलरच्या घरात जाते.

ईबी-१ए मध्ये दहापैकी किमान तीन कसोट्या भरायच्या आणि मग एकूण योग्यता दाखवायची, ही दुपदरी पद्धत २०१० च्या काझेरियन खटल्यानंतर रूढ झाली. एनआयडब्ल्यूची आजची तीन अंगांची कसोटी डिसेंबर २०१६ च्या धनासर निर्णयातली: कामाला मोल आणि राष्ट्रीय महत्त्व आहे का, ते तडीस नेण्याची या माणसाची तयारी आहे का, आणि पर्मची अट सोडण्यात देशाचा फायदा आहे का. जानेवारी २०२२ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानातल्या अर्जदारांना अनुकूल मार्गदर्शन आले आणि अर्जांचा पूर लोटला. पाठोपाठ मंजुरीचे प्रमाण घसरले, आणि जानेवारी २०२५ मध्ये मार्गदर्शन पुन्हा घट्ट झाले.

वकील हवाच म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा: पुरावा असणे एक आणि तो कसोटीच्या भाषेत मांडणे दुसरे. ‘मी बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करतो’ आणि ‘माझ्या कामामुळे लहान बँकांतली फसवणूक पकडता येते, हे बघा त्याचे कागद’ यांतले अंतर वकील भरून काढतो. शिवाय खात्याने खुलासा मागितला, म्हणजे आरएफई आली, की ठरलेल्या मुदतीत एकदाच उत्तर देता येते; तिथे कच्चे काम महागात पडते.

स्वतः अर्ज करणारे म्हणतात, की निर्णय जाहीर आहेत, खात्याचे धोरण-पुस्तक खुले आहे, अर्जाची भाषा सोपी आहे. ज्याला आपले काम स्वतःला नीट सांगता येत नाही त्याचे काम वकील तरी काय सांगणार? शिफारसपत्रांचा मसुदा अनेकदा अर्जदारच लिहितो, वकील तो घासूनपुसून घेतो आणि प्राध्यापक सही करतात. मग पैसे कशाचे? यात अतिशयोक्ती असेल, पण एकाच फर्मच्या दहा अर्जांत तीच वाक्ये फिरत असतील तर अधिकाऱ्याच्याही ते लक्षात येते.

माझ्या मते यातला निवाडा फाईलच्या स्वभावावर आहे. ज्याचा माग सरळ आहे, म्हणजे संशोधन, उद्धरणे, पेटंट, त्याला स्वतः लिहून एखाद्या वकिलाकडून तासाच्या फीवर तपासून घेता येते. ज्याच्या पूर्वायुष्यात व्हिसाचा खंड आहे, आधीची एखादी नामंजुरी आहे किंवा कागदांत विसंगती आहे, त्याने वकिलाची काटकसर करू नये. आणि जिथे ‘पुरस्कार मिळवून देऊ, मानद सदस्यत्व काढून देऊ, मासिकात लेख छापून आणू’ असे पॅकेज मांडले जाते, तिथून उठून यावे. खोट्या माहितीचा ठपका एकदा बसला की तो पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो, आणि सही वकिलाची असली तरी ठपका अर्जदारावरच असतो.

भारतात जन्मलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट उरतेच. एनआयडब्ल्यू मंजूर झाली तरी ती ईबी-२ च्याच रांगेत लागते. पर्मचा त्रास वाचतो, कंपनीवरचे अवलंबन सुटते, जोडीदाराला २०१५ च्या नियमाप्रमाणे एच-४ वर काम करण्याची परवानगी मिळू शकते. रांग तेवढीच राहते. एनआयडब्ल्यूच्या जाहिरातींत हे वाक्य ठळक अक्षरांत सहसा सापडत नाही.

डॉक्टरांची वाट निराळी. जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी केली असेल तर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. ती माफ करून घ्यायला ‘कॉनराड ३०’ योजनेखाली डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते. तशाच भागात पाच वर्षे काम केल्यास डॉक्टरांसाठीची वेगळी राष्ट्रहित-सवलत मिळते. इथे वकील रुग्णालय, राज्य सरकार आणि दोन-तीन संघराज्य खात्यांच्या तारखा सांभाळत असतो. या फायलींत वकील नको म्हणणारा क्वचितच भेटतो.

कागद इथले

वकील न्यू जर्सीत असो की टेक्सासात, त्याने मागितलेले निम्मे कागद उदगीर, मुखेड, अहमदपूर, किनवट इथून निघतात. चर्चेत या भागाला जागा मिळत नाही. प्रत्यक्षात आई-वडील, भाऊ, मेहुणा यांची पायपीट इथेच होते.

सुरुवात जन्मदाखल्यापासून. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. देगलूर-बिलोली-धर्माबादच्या किंवा उदगीर-निलंगा पट्ट्यातल्या अनेकांचे आजोळ निजामाबाद किंवा बीदर जिल्ह्यात. जन्म तिकडे झाला, नोंद झालीच तर तेलुगू नाहीतर कन्नड दप्तरात. शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव वडिलांचे. पासपोर्टवर त्याच दाखल्यावरून तालुक्याचे. तीन कागद, तीन गावे. वर जन्मतारीख. मराठवाड्यात एका पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि नाव घालताना गुरुजी सोयीची तारीख टाकायचे. नगरपालिकेच्या वहीत ऑगस्ट आणि टीसीवर १ जून अशी गाठ पडली की घरचे म्हणतात, ‘आपण दाखला दुरुस्त करून घेऊ.’ जाणकार वकील नेमके उलट सांगतात: पासपोर्टशी जुळणारी तारीख धरा, विसंगतीचा खुलासा शपथपत्राने करा, नवीन दुरुस्त्या करत बसू नका. ताज्या तारखेचा दुरुस्त दाखला पाहिला की अधिकाऱ्याच्या मनात जास्त प्रश्न उभे राहतात.

नोंदच नसेल तर जन्मनोंद उपलब्ध नसल्याचा दाखला ग्रामपंचायत किंवा पालिकेकडून घ्यायचा आणि सोबत टीसी, दहावीची सनद, शपथपत्रे जोडायची. वहीत नोंद आहे पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा, हा प्रकारही नेहमीचा. तेव्हा बारशाच्या आधीच नोंद व्हायची. उशिरा करून घेतलेली नोंद चालते, पण जन्मानंतर वर्ष उलटून केलेल्या नोंदीला दुय्यम पुरावा मागतात. महाराष्ट्रात २०२५ मध्ये उशिराच्या जन्मनोंदींचे नियम सरकारने चांगलेच कडक केले, त्यामुळे ‘तहसीलमधून आदेश काढून आणू’ हे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

शपथपत्र ही तर वेगळीच गंमत. कोर्टाजवळच्या टंकलेखकाकडे तयार नमुना असतो: ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ आणि खाली नाव, तारीख, ‘वरील मजकूर खरा आहे’. अमेरिकी अधिकाऱ्याला त्यातून हवे ते कळत नाही. त्याला शपथ घेणाऱ्याचे स्वतःचे जन्मसाल हवे, नाते हवे, आणि ही माहिती त्याला कशी हे हवे. ‘मी बाळाची मावशी. बाळंतपणाच्या वेळी मी त्याच घरात होते, तेव्हा माझे वय एकोणीस होते,’ हे साधे वाक्य पाच शिक्क्यांपेक्षा जास्त काम करते.

नावाचा घोळ सर्वांना माहीत आहे. सनदेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, वडिलांचे नाव कधी आत कधी बाहेर. बायकांचे माहेरचे आणि सासरचे असे दोन संच. ‘या दोन नावांची व्यक्ती एकच’ असे शपथपत्र बहुतेक वेळा पुरते, राजपत्राची गरज पडतेच असे नाही. मराठी कागदांच्या भाषांतराला अमेरिकेच्या अर्जात नोटरीही लागत नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्याने भाषांतर पूर्ण आणि अचूक असल्याचे सही करून लिहून दिले की पुरे. अपोस्टिलही लागत नाही. तरी या दोन्हींचे पैसे भरणारे रोज सापडतात.

वकिलाचे खरे कौशल्य लागते ते शिक्षण आणि अनुभवाच्या कागदांत. आपली तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीबरोबर धरत नाहीत. १९७७ च्या शाह निर्णयापासून ही भूमिका कायम आहे. ईबी-२ ला पदव्युत्तर पदवी, किंवा चार वर्षांची पदवी आणि नंतरचा पाच वर्षांचा चढता अनुभव लागतो. बीएस्सी करून एमसीए झालेल्याचे जमते. बीएस्सी आणि संगणकाचा खाजगी डिप्लोमा यांचे जमत नाही. पर्ममध्ये शिक्षणाची अट लिहिताना वकिलाने हे पाहिले नाही, तर चूक दोन वर्षांनी आय-१४० च्या वेळी बाहेर येते आणि तोवर तारीख गेलेली असते. अनुभवपत्राचेही तसेच. पुण्यातली जुनी कंपनी पदनाम आणि दोन तारखा एवढेच छापील देते. वकिलाला हवे असते कोणते काम, कोणते तंत्र, पूर्णवेळ की अर्धवेळ. कंपनी बंद पडली असेल तर तेव्हाचा वरिष्ठ शोधून त्याच्याकडून पत्र घ्यावे लागते. नोकरी सोडतानाच हे पत्र मागून ठेवणारे शहाणे फार थोडे.

इथले सल्लागार आणि दुसरे देश

अमेरिकेच्या खात्यापुढे पैसे घेऊन बाजू मांडण्याचा अधिकार तिथल्या कोणत्याही राज्याची सनद असलेल्या वकिलाला आहे. इमिग्रेशन हा संघराज्याचा कायदा असल्यामुळे टेक्सासच्या फाईलला न्यूयॉर्कचा वकील चालतो. आपल्याकडचा ‘व्हिसा कन्सल्टंट’ त्यात बसत नाही. तो कागद जमवून देऊ शकतो, प्रतिनिधी होऊ शकत नाही. वकिलाचे नाव त्याच्या राज्याच्या बार असोसिएशनच्या संकेतस्थळावर तपासता येते. फी भरण्याआधी फोनवरून पाच मिनिटांत होणारे हे काम आहे.

अमेरिकेच्या रांगेला कंटाळून दुसरीकडे पाहणाऱ्यांसाठी नियम वेगळे. कॅनडाची एक्स्प्रेस एंट्री जानेवारी २०१५ पासूनची, गुणांवर चालणारी, आणि माणसाने स्वतः भरावी अशीच बेतलेली. पैसे घेणारा प्रतिनिधी हवा असल्यास वकील किंवा परवानाधारक सल्लागारच चालतो. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंट असतात. जर्मनीची गोष्ट आपल्या राज्याला जवळची: फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्स, तंत्रज्ञ, चालक असे व्यवसाय आहेत, आणि खरा अडसर भाषेचा आहे. तिथे वकिलापेक्षा जर्मनचा शिक्षक जास्त उपयोगी पडतो.

काय सुटलेले नाही

देशवार मर्यादा काढावी का, यावर अमेरिकेत एकमत नाही. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने तसे विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला मसुदा मंजूर केला, पण दोन्ही मसुदे जुळले नाहीत आणि विषय तिथेच मिटला. २०२२ च्या अखेरीस आलेले विधेयक मतदानाआधीच मागे पडले. बाजूने बोलणारे म्हणतात, जन्मगावावरून कामगाराची किंमत ठरू नये. विरोधकांची भीती अशी, की मर्यादा काढून एकूण आकडा तोच ठेवला तर काही वर्षे सगळी कार्डे भारतीयांनाच जातील आणि इराण, ब्राझील किंवा फिलिपिन्सच्या नर्सला रांग लागेल. दोन्ही बाजूंना मान्य होईल असा उपाय, म्हणजे आकडाच वाढवणे, राजकारणाला झेपलेला नाही.

१९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली. तिचा परिणाम आधीच तिकडे असलेल्यांवर थेट नाही, पण नांदेड-लातूरहून आता शिकून निघणाऱ्या मुलांपुढे पहिले दारच महाग झाले आहे. कंपनी ही रक्कम भरेल का, आणि भरली तर त्या मुलाला ग्रीन कार्डच्या वाटेवर किती बांधून घेईल, यावर वकिलांमध्येच मतभेद आहेत.

दुहेरी प्रतिनिधित्वाचा प्रश्नही जिथल्या तिथे आहे. कामगाराला पर्मच्या फाईलची प्रत मिळण्याचा स्पष्ट हक्क द्यावा, ही मागणी जुनी. कंपन्यांचा विरोधही तितकाच जुना.

आणि मुले. एकविसावे वर्ष उलटले की मूल आई-वडिलांच्या अर्जातून गळते. वय मोजताना आय-१४० प्रलंबित असलेला काळ वजा करता येतो, ही सवलत २००२ च्या कायद्याची. पण रांगेच्या तारखा जाहीर करणाऱ्या मासिक बुलेटिनमधल्या दोन तक्त्यांपैकी कोणती तारीख धरायची, हे खात्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांच्या सोयीचे केले आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा फिरवले. त्यामुळे २०१३-१४ ची तारीख असलेल्या घरांत सध्या वकिलाशी होणारे बोलणे आई-वडिलांच्या फाईलविषयी कमी आणि बारावीतल्या मुलाला वेळेत विद्यार्थी व्हिसावर घालायचे का, याविषयीच जास्त असते.